पनवेलच्या आधीच मुलं थकतात

मीरा रोडहून गुहागरला जायचं म्हटलं की मोठ्यांना धास्ती असते ती मुंबई-गोवा महामार्गाची. मुलांचा धीर मात्र त्याच्या बराच आधी संपतो. काशिमिरा, फाउंटन हॉटेलचा चौक, गायमुखचा चढ, मग ठाणं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ-नऊला निघालात तर घोडबंदर रोडवरच "अजून किती?" सुरू होतं.

म्हणून आम्ही आता पहाटे साडेतीन-चारला निघतो. मुलांना झोपेतच, घरच्या कपड्यांवर गाडीत ठेवायचं. ती जागी होतात तेव्हा पेण मागे पडलेलं असतं. यात एक अट आहे आणि ती मोडायची नाही: गाडी चालवणाऱ्यानं आदल्या रात्री नऊला झोपायचं. बॅगा बाकीच्यांनी भराव्यात.

गणपतीला एकदा माणगावला रांगेत अडकलो होतो. धाकटा किरकिर करतो म्हणून त्याच्या हातात मोबाइल, थोरली गोष्टीच्या पुस्तकात. महाडनंतर रस्ता मोकळा झाला, गाडीनं वेग घेतला आणि थोरलीला दरदरून घाम फुटला, ओठ पांढरे पडले. पिशवी सापडेपर्यंत आजीची साडी, सीट, पायातली बॅग, सगळं भरलं. मग वासानं धाकट्यालाही झाली. पोर बिचारी चिपळूणपर्यंत रडत होती, आणि तेही सांडल्याच्या शरमेनं.

आतल्या कानाला गाडी हलतेय हे कळतं, पुस्तकावर खिळलेले डोळे मात्र सगळं स्थिर आहे असं सांगतात. या ओढाताणीतून मळमळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. तेव्हा नजर काचेबाहेर, लांबवर हवी. खेळही तसेच निवडावेत. आमच्याकडे नंबरप्लेटचा चालतो: आपली एमएच ०४, रायगडात ०६, आणि ०८ दिसायला लागल्या की रत्नागिरी जिल्हा आला! मैलाच्या दगडांचा दुसरा: पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य मार्गाचा. उलटीचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावं. नेहमी दिलं जाणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत.

खाणं थोडं थोडं आणि कोरडं: दशमी, चुरमुरे, केळं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, तेलकट वड्यानंही वाढते. आलेपाकाची वडी थोरलीला मानवते. जाड पिशव्या, ओला रुमाल आणि कपड्यांचा एक जोड डिकीत नको, पायाशी हवा. धाकट्याच्या शूसाठी झाकणाची रुंद तोंडाची बाटली ठेवा; रांगेत गाडी बाजूला घेता येत नाही.

रडतंय म्हणून मूल पुढच्या सीटवर मांडीवर घेऊ नका. धक्का बसला तर हातांच्या पकडीत मूल राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा त्याच्यासाठीच्या सीटविना बसवल्यास १००० रुपये दंडही आहे. त्यापेक्षा गाडी थांबवावी.

थांबायचं तेही पाय मोकळे होतील अशा जागी. ढाब्यावर मूल पुन्हा खुर्चीतच बसतं. महाडच्या अलीकडे गांधारपाल्याची बौद्ध लेणी महामार्गाला अगदी लागून आहेत. कोरड्या दिवसांत मोठ्यांपैकी कुणाचा तरी हात धरून मुलांनी त्या पायऱ्या चढाव्यात, वरून नदीकाठ पाहावा आणि दमून खाली यावं. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा खालीच पळू द्या. त्यात तासभर जातो, हे कबूल. पण पुढचा रस्ता शांततेत सरतो.

परतताना रविवार टाळा. गावाहून जेवून निघालं की घोडबंदरला रात्रीची गर्दी गाठते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा असते. शनिवारी पहाटे निघावं. आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे त्यांचाही हिरमोड होत नाही.