लक्ष्यित जाहिरातीची अन्वय-व्यतिरेक परीक्षा

प्रस्तावना

सांप्रत अनेक वैद्य व औषधी दुकानदार आंतरजालावरील जाहिरातींवर दरमहा द्रव्य खर्च करीत आहेत. वय, गाव, आवड व पूर्वी शोधलेले विषय पाहून निवडक व्यक्तींनाच ही जाहिरात दाखविली जाते, म्हणून ती लक्ष्यित. किती जणांनी जाहिरात पाहिली, किती जणांनी ती उघडली व किती जणांनी खरेदी केली, याचा अहवाल महिनाअखेर हाती येतो. परंतु ती खरेदी जाहिरातीमुळेच झाली काय, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

अन्वय आणि व्यतिरेक

'जाहिरात दाखविली आणि खरेदी झाली' हा केवळ अन्वय होय. कार्यकारणभाव सिद्ध होण्यास व्यतिरेकही हवा, म्हणजे जाहिरात नसता ती खरेदीही होऊ नये. गूढलिंग व्याधीत आपण उपशय-अनुपशयाने परीक्षा करतो. तीच दृष्टी येथे ठेवावी. अन्यथा निर्णय काकतालीय न्यायाचा ठरतो.

लक्ष्यित जाहिरातीत हा धोका अधिकच असतो, कारण खरेदीची शक्यता ज्याच्या ठायी अधिक, त्यालाच ही यंत्रणा निवडते. दर हेमंतात आपल्याच दुकानातून च्यवनप्राश नेणाऱ्या गृहस्थास जाहिरात दिसली व त्याने तो नेला, तर श्रेय जाहिरातीस जाते. निवड जितकी अचूक, तितका हा भ्रम दृढ होतो.

ईबेचा प्रयोग

थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को व स्टीव्हन तडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ईबे या विक्री-संस्थेत केलेला अभ्यास 2015 साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मार्च 2012 मध्ये ईबेने स्वतःच्या नावाच्या शोधावर दिसणाऱ्या जाहिराती याहू व एमएसएन येथे थांबविल्या. जाहिरातीतून येणाऱ्यांपैकी सुमारे 99.5 टक्के लोक तरीही आले, ते शोधफलातील विनामूल्य दुव्यावरून. पुढे इतर शब्दांवरील गूगल-जाहिराती सुमारे 30 टक्के प्रदेशांत बंद ठेवून उरलेल्या प्रदेशांशी तुलना केली. विक्रीतील फरक नगण्य निघाला. नवीन किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला. नेहमीच्या ग्राहकांवर नाही. खर्चाचा मोठा भाग मात्र या नेहमीच्यांवरच होत होता.

यावरून सर्व जाहिरात व्यर्थ, असे अनुमान काढू नये. ईबे सर्वपरिचित संस्था होती. नव्या चिकित्सालयाची स्थिती निराळी. जो आपणांस ओळखत नाही त्यास जाहिरात माहिती देते. जो ओळखतो तो तिच्यावाचूनही येतो.

उदाहरणादाखल, 10,000 रुपये खर्चून अहवालात 40 ग्राहक दिसले असे समजू. दर ग्राहकामागे खर्च 250 रुपये. त्यांपैकी 36 जण एरवीही आले असते, तर खऱ्या 4 नव्या ग्राहकांमागे प्रत्येकी 2,500 रुपये पडले.

परीक्षाविधी

1. सारख्या व्यवहाराची काही गावे निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटात जाहिरात चालू ठेवावी, दुसऱ्यात बंद.
2. दोन्ही गटांचा काळ एकच असावा. ऋतू व सण यांनी विक्री बदलते, म्हणून गेल्या महिन्याशी तुलना पुरेशी नाही.
3. मोजमाप अहवालावरून न करता आपल्या बिलबुकावरून करावे. नव्या-जुन्या ग्राहकांची नोंद वेगळी ठेवावी.
4. काही आठवड्यांनी गटांची अदलाबदल करावी. विक्री थोडी असता चढउतार स्वाभाविक असतात. एका फेरीवरून निर्णय घेऊ नये.
5. जुन्या रुग्णांच्या यादीस जाहिरातीतून वगळावे.

एक पथ्य

जाहिरात उघडणाऱ्यांची संख्या वाढावी म्हणून मधुमेह समूळ बरा करण्यासारखी विधाने करण्याचा मोह होतो. औषधे व जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या 1954 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह व कर्करोग समाविष्ट आहेत, हे विसरू नये.

निष्कर्ष

व्यतिरेक पाहिल्यावाचून आपण औषधाचा गुण मानीत नाही. जाहिरातीचाही मानू नये. परीक्षेत जाहिरात निरुपयोगी ठरल्यास ते द्रव्य उत्तम वनौषधींच्या खरेदीकडे वळवावे, असे आमचे मत आहे. वैद्यबंधु-भगिनींनी व दुकानदारांनी ही परीक्षा करून आपल्या नोंदी त्रैमासिकाकडे अवश्य पाठवाव्यात.