ताटाशी वैर नको : भोजनातील मात्रज्ञतेचा पाठ

अन्न, वस्त्र व निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा होत, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो. त्यांत अन्न पहिले. असे असूनही स्मरणिकांतून आपण शिक्षणावर लिहितो, संघटनेवर लिहितो, व्यसनमुक्तीवर लिहितो. रोजच्या जेवणावर मात्र क्वचितच लिहितो. ते घरातल्या बायकांचे काम, त्यात लिहिण्यासारखे काय, असे आपण समजतो. ही समजूत चुकीची आहे, हे गेल्या वर्षावासात आमच्या ध्यानी आले.

पूर्णगडला आमच्या वाडीत वर्षावासातील ग्रंथवाचन रात्री होते. एका रात्री वाचन चालू असता, रत्नागिरीस कॉलेजात जाणारी एक मुलगी बसल्या जागी कलंडली. तोंडावर पाणी मारल्यावर ती शुद्धीवर आली. चौकशी करता कळले की, पंधरा दिवस तिने भात सोडला होता व रात्रीचे जेवणही बंद केले होते. मोबाईलवर कुठेतरी पाहिले होते की भाताने अंग सुटते. आईला वाटले, अभ्यासाच्या ताणाने भूक मेली असेल. मुलीची आजी जवळच बसली होती. ती एवढेच म्हणाली, "आमाला भात मिलत नव्हता म्हनून आमी उपाशी ऱ्हायलो. तुला मिलतोय, तर तू का गो उपाशी?"

या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आमच्यापैकी कोणालाच नीट देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

आजीची भूक

आजीचे बोलणे समजण्यासाठी थोडा इतिहास आठवावा लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात खोती पद्धत होती. कुळाने शेत पिकवावे आणि खोताचा वाटा त्याच्या घरी पोचवावा, अशी रीत होती. भात पिकवणाऱ्याच्या चुलीवर भात क्वचित शिजे. नाचणी, वरी, हरीक हेच रोजचे अन्न. सणावाराला किंवा पाहुणा आला तर भात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा 1949 साली झाला. तेव्हा ताटात रोज भात येणे ही आमच्या वाडवडिलांच्या दृष्टीने पोट भरण्याइतकीच मानाची गोष्ट होती.

दुसरी गोष्ट महाडची. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच अन्नाविषयीही सांगितले. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे व शिळे तुकडे मागून खाणे सोडा, असा तो उपदेश होता. आपल्या माणसांनी तो पाळला. पुष्कळ घरांनी त्यापायी उपास काढले, पण शब्द मोडला नाही. आपल्या समाजाने अन्नाविषयी घेतलेला हा फार मोठा निर्णय होता. तो अंगाचा आकार बदलण्यासाठी घेतलेला नव्हता. आमच्या ताटात काय यावे हे आम्ही ठरवू, दुसरा कोणी ठरवणार नाही, हा त्याचा अर्थ होता.

आज मुलीच्या ताटात काय यावे हे मोबाईलवरचा कोणी अनोळखी मनुष्य ठरवतो आहे. आजीला खटकले ते हेच.

भीतीचे नवे रूप

महाराष्ट्रात 2018 च्या सुमारास दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, यावर मोठा वाद झाला. वर्तमानपत्रे, सभा, लग्नाचे मांडव, सगळीकडे तोच विषय. दोन्ही बाजूंना मानणारी शहाणी माणसे होती. त्या वादाचा निकाल लावण्याचा आमचा अधिकार नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून खेड्यापर्यंत आली. माणसे स्वतःच्या पोटाला विचारायचे सोडून दुसऱ्याला विचारू लागली. भात खाऊ का? केळे खाऊ का? रात्री जेवलो तर पाप लागेल का? जेवण झाल्यावर समाधानाऐवजी अपराधी वाटू लागले.

सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे 2019-21 चे आकडे पाहावेत. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर पाच स्त्रियांत साधारण एक उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली, आणि साधारण एक जास्त वजनाची. रक्तक्षय मात्र निम्म्याहून अधिक स्त्रियांत आढळला. म्हणजे एकाच वाडीत एकीला अधिक खाण्याची गरज आहे, दुसरीला खाण्याची घडी बसवण्याची. सरसकट सगळ्यांना "कमी खा" असे सांगणारा सल्ला यांपैकी कित्येकींना आजारी पाडील.

भूक दाबल्याने काय होते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली झाला. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. त्याबरोबर ते चिडचिडे, उदास व थकलेले झाले. रात्रंदिवस डोक्यात अन्नाचेच विचार. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटल्या चाटू लागले. पुढे खाण्याची मुभा मिळाल्यावर पोट भरूनही त्यांना भरल्यासारखे वाटेना. तात्पर्य असे की, उपाशी शरीर अन्नाला विसरत नाही, ते अन्नाच्या मागे अधिकच लागते. आठवडाभर कडक उपास आणि रविवारी अनावर खाणे, हे चक्र ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी स्वतःला दुबळ्या मनाचे समजू नये. शरीर आपला जीव वाचवीत असते.

धम्म काय सांगतो

सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे खडतर तपश्चर्या केली. आहार इतका कमी केला की शरीराचा सापळा झाला. एवढे करूनही मार्ग सापडला नाही. तेव्हा त्याने सुजाताने दिलेले अन्न ग्रहण केले. पाच सोबती रागावून सोडून गेले, तरी तो डगमगला नाही. बोधी प्राप्त झाली ती त्यानंतर. मध्यम मार्गाची सुरुवात अशी जेवणाच्या पात्रापासून झाली, हे आपण विसरतो.

दुसरे टोकही बुद्धाने पाहिले होते. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात खाई व धापा टाकीत भगवंतांकडे येई. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही, भात वर्ज्य सांगितला नाही, उपासही सांगितला नाही. भोजनात मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना कमी होतात व तो हळूहळू म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. सुदर्शन नावाच्या तरुणाने ती पाठ केली व रोज जेवणाच्या वेळी राजापुढे म्हणू लागला. राजाचे खाणे क्रमाक्रमाने उतरले व नाळीभर तांदळावर स्थिरावले. शरीर हलके झाले. या कथेतील "क्रमाक्रमाने" हा शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करून ठेवावा.

कोणी म्हणेल, हेही डाएटच झाले. तसे नाही. भिक्षूने भोजनापूर्वी जे चिंतन करावयाचे असते, त्याचा आशय पाहा. हे अन्न मौजेसाठी नाही, मस्तीसाठी नाही, शरीर सजवण्यासाठी व सुंदर दिसण्यासाठीही नाही. शरीर टिकावे, जुनी वेदना म्हणजे भूक शमावी, आणि अतिखाण्याची नवी वेदना उत्पन्न होऊ नये, यासाठी आहे. दिसण्यासाठी जास्त खाणे जसे यात बसत नाही, तसे दिसण्यासाठी उपाशी राहणेही बसत नाही. भूक ही वेदना आहे व ती शमवणे योग्य आहे, असे तेथे मानले आहे. मात्रज्ञता म्हणजे स्वतःची मात्रा स्वतः जाणणे. ती दुसऱ्याच्या तक्त्यावरून उतरवून घेता येत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची एक गोष्ट आहे. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी धम्म ऐकण्यास आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले व मगच देशना दिली. भूक हा सर्वांत मोठा रोग आहे, असे त्यांनी भिक्षूंना समजावले. आमच्या ग्रंथवाचनात ती मुलगी उपाशी बसली होती आणि आम्ही वाचीत राहिलो, याची आम्हांस खंत वाटते.

आपले ताट

आपल्या अन्नाची लाज वाटणे हेही एक दुखणे आहे. सुकटीचा वास येतो म्हणून मुले डबा लपवतात. नाचणीची भाकरी काळी म्हणून नको. तीच नाचणी आज शहरात महाग बिस्किटांतून विकली जाते. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते अगदीच थोडे. कुळथात वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. पूर्णगडास मुचकुंदीची खाडी आहे, समोर समुद्र आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून आपल्या आया-आज्या मे महिन्यात सुकट, बोंबील, बांगडे वाळवून पावसाळ्याची बेगमी करीत आल्या. पावसात टाकळा, भारंगी परड्यातून येई. भात, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, टाकळ्याची भाजी व कोकमाचे सार, या ताटाला कोणाचे प्रशस्तिपत्रक नको. सुकी मासळी खारवलेली असल्यास रक्तदाबाच्या रोग्याने जपावे, इतकेच.

येथे पथ्य आणि डाएटचे वेड यांतील फरक सांगितला पाहिजे. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांचे पथ्य पाळलेच पाहिजे. पथ्य रोग्यासाठी असते व त्यामागे तपासणी असते. निरोगी मुलीने आरशाच्या धाकाने भात टाकणे याला पथ्य म्हणता येत नाही. आणि अन्नावर विश्वास ठेवणे म्हणजे फरसाणाचा पुडा संपेपर्यंत खाणे, असेही नव्हे. ज्याला पोटाचे ऐकू येते, त्याला पुडा अर्ध्यावर ठेवता येतो.

आचरणासाठी

1. भूक लागल्यावर जेवावे. कोऱ्या चहावर भूक मारू नये. लावणीच्या दिवसांत आपल्या भगिनी हेच करतात.

2. जेवताना मोबाईल दूर ठेवावा. अर्धे जेवण झाल्यावर क्षणभर थांबून पोट काय म्हणते ते पाहावे. भूक असेल तर निःसंकोच आणखी वाढून घ्यावे.

3. भात चांगला की वाईट, हे विचारण्याऐवजी भाताबरोबर डाळ, भाजी, मासळी आहे का, हे पाहावे.

4. घरात कोणाच्या अंगावरून "जाडी", "काडी" असे बोलू नये. थट्टेतला शब्द मुलांच्या मनात वर्षानुवर्षे राहतो.

5. घरातील स्त्रियांनी सर्वांच्या शेवटी, उरलेले खाण्याची रीत बंद करावी. सर्वांनी एकत्र बसावे. उष्टे-उरलेले न खाण्याचा महाडचा उपदेश आपल्याच स्वयंपाकघरात अपुरा राहू नये.

6. अष्टशील धारण करणाऱ्यांनी दुपारनंतरचे भोजन वर्ज्य करणे हे शीलपालन आहे. त्याला वजन उतरवण्याचे साधन करू नये. गरोदर स्त्रिया, आजारी माणसे व वाढत्या वयाची मुले यांना त्यासाठी आग्रह करू नये.

7. मुलगा किंवा मुलगी सतत जेवण टाळत असेल, जेवून ओकत असेल, चक्कर येत असेल, मुलीची पाळी बंद झाली असेल, तर रागावू नये. वेळीच डॉक्टरांकडे न्यावे.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी तीन प्रश्न देतो. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते व का? आपल्या आजीच्या लहानपणी कोणते धान्य रोज होते व कोणते सणाला? अन्नाविषयी आपल्याला वाटणारी भीती आपण कोणाकडून शिकलो?

आमच्या वाडीत आता वर्षावासात वाचनापूर्वी पेज ठेवतात. ज्याला भूक असेल त्याने वाटीभर घ्यावी. ती मुलगी आता तिथे पेज वाढते आणि स्वतःही घेते. आजीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अजून पुरते शब्दांत मांडता आलेले नाही. पण ते त्या वाटीत आहे, असे आम्हांस वाटते.