सेलची पाटी वाचू या

मागच्या पाठात आपण एस्टीची पाटी वाचली. आज दुकानाची पाटी वाचू या. ती वाचायला थोडी अवघड आहे. तिच्यातली काही अक्षरे फार मोठी असतात, आणि काही मुद्दाम बारीक असतात.

भात झोडून झाले. पेंढा रचून ठेवला. थोडे भात विकले, थोडे कणगीत गेले. कुणी चिकूच्या वाडीत तोडणीला जातो, कुणी डहाणूला फुग्याच्या कारखान्यात, कुणी रोज सीमा ओलांडून उंबरगाव-वापीला कामाला. वर्षात कधी नाही ते हातात चार पैसे खुळखुळतात. आणि नेमके याच दिवसांत, नाताळ जवळ आला की, दुकानांवर लाल कापडे लागतात. डहाणू रोड स्टेशनबाहेर लागतात, तलासरी नाक्यावर लागतात, वापीला तर विचारूच नका. 'सेल! सेल! वर्षअखेरचा महासेल!'

सेल म्हणजे विक्री. पण आपल्याकडे सेल म्हटले की सूट देऊन केलेली विक्री, असाच अर्थ रूढ झाला आहे. दुकानदार सूट का देतो? तो काही धर्मादाय करीत नाही. त्याचा पैसा मालात अडकलेला असतो. यंदाचा नमुना पुढच्या वर्षी जुना होतो. जागा अडते. म्हणून तो पडता भाव लावून माल मोकळा करतो. यात लबाडी नाही. अशा वेळी आपल्याला चांगली वस्तू खरोखर स्वस्त मिळू शकते. आम्ही स्वतः अशा सेलमधून घोंगडीवजा जाड चादर घेतली, ती सहा हिवाळे टिकली. तेव्हा सेलला जाऊच नका, असे आम्ही म्हणणार नाही. वाचता येते, हिशेब करता येतो, मग भ्यायचे कशाला?

पण एकदा आम्हीही फसलो. तेही सांगून टाकतो.

लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन चार दिवसांचा सेल लावतात, तुम्ही पाहिला असेल. 'कारखाना बंद झाला, माल मातीमोल' असे कर्ण्यावर ओरडत रिक्षा फिरते. अशाच एका हॉलात आम्ही मिक्सर घेतला. बिल मागितले तर म्हणाले, 'एवढ्या स्वस्तात बिल कसलं, मास्तर?' लोक हसले. आम्हीही ओशाळून गप्प बसलो. पाचव्या दिवशी मिक्सरमधून धूर निघाला. घेऊन गेलो, तर हॉलात मांडव सजलेला, वाजंत्री वाजते आहे, आणि दाराशी उभे राहून एक पाहुणे आम्हाला विचारतात, 'आहेर इकडे ठेवा ना!' भांडणार कुणाशी? नाव नाही, पत्ता नाही, कागद नाही. वर्गात आम्ही शिकवतो की कागद घ्या, आणि आम्हीच विसरलो.

आता पाटीकडे वळू.

वर्गातल्या एका बाईंच्या पोरीचे लगीन फाल्गुनात ठरले आहे. भात आणि मजुरी मिळून त्यांनी चौदा हजार रुपये बाजूला टाकले. म्हणाल्या, 'सेल लागलाय, आताच कपडे घेऊन टाकू.' आम्ही दोघीतिघी त्यांच्याबरोबर गेलो. जाण्याआधी त्यांनी वहीत यादी केली. स्वतःच्या हाताने, पहिल्यांदाच. साड्या सहा, हंडा एक, कळशी एक, चादरी चार, नवरदेवाचे कापड. प्रत्येकापुढे, गावच्या बाजारात काय भाव आहे तो लिहिला. हा भाव आधी लिहिणे फार महत्त्वाचे, बरं का. जुना भाव माहीत नसेल तर सूट किती हे दुकानदार सांगेल तेच खरे मानावे लागते.

पहिल्या दुकानावर पाटी होती: '५० टक्के पर्यंत सूट'. पन्नास हा आकडा हाताएवढा, आणि 'पर्यंत' हा शब्द मुंगीएवढा. बाईंनी तो वाचला! टक्के म्हणजे शेकडा. शेकडा पन्नासपर्यंत, म्हणजे एखाद्या वस्तूवर पन्नास, आणि बाकीच्यांवर दहा किंवा पाचसुद्धा. तसेच '९९ रुपयांपासून' असे असते. नव्याण्णवचा माल कोपऱ्यात एक टोपलीभर, बाकी सगळा पाचशेच्या पुढे. 'पर्यंत' आणि 'पासून', हे दोन शब्द आधी शोधायचे.

दुसऱ्या दुकानात '५० टक्के + आणखी २० टक्के'. बरोबरच्या एक जणी म्हणाल्या, 'म्हणजे सत्तर टक्के सूट!' तसे नाही. वस्तू हजाराची. आधी पन्नास टक्के गेले, राहिले ५००. आता वीस टक्के या पाचशेवर धरायचे, हजारावर नाही. ते झाले १००. म्हणजे ४०० रुपये द्यायचे. सूट सहाशेची, शेकडा साठ. शंभर रुपयांची चूक झाली असती.

तिसऱ्या दुकानात 'एकावर एक फुकट'. साडी १,६०० ची, दुसरी फुकट. बाईंनी वही उघडली. तसल्याच साडीचा गावच्या बाजारातला भाव ७५० लिहिलेला. दोन साड्यांचे १,५००. म्हणजे फुकटची साडी शंभर रुपयांना महाग! बाई काही बोलल्या नाहीत. वही मिटली आणि बाहेर आल्या. आम्हाला त्यांचा फार अभिमान वाटला.

वापी-उंबरगावकडे पाट्या गुजराती असतात. गुजराती अक्षरांवर आपल्यासारखी आडवी रेघ नसते, पण पुष्कळ अक्षरे ओळखीची वाटतात. किमतीच्या चिठ्ठीवर मात्र बहुधा इंग्रजी आकडे असतात. म्हणून ते दहा आकडे पाठ हवेतच. जाण्यायेण्याचे भाडेही हिशेबात धरा. दोघांचे भाडे दोनशे, बुडालेली मजुरी वेगळी, आणि वाचवले दीडशे, तर काय मिळवले?

बंद पाकिटावर छापील किंमत असते. तिच्यात सगळे कर धरलेले असतात. तिच्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही, कमी घेता येतो. छापील किमतीवर जास्त किमतीची चिठ्ठी डकवणे कायद्याने मना आहे. किंमत उतरवली असेल तर कमी किमतीची चिठ्ठी लावता येते, पण जुनी किंमत झाकायची नाही. चिठ्ठीवर चिठ्ठी दिसली तर नखाने उचकटून पाहा. लाजू नका.

हंडा-कळशी तोलून घेतात. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, तो ठरल्या मुदतीत पुन्हा करून घ्यावा लागतो. काटा आधी शून्यावर आहे का ते पाहायचे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी पायली आणि शेर होते, गावोगावची मापे वेगळी. किलोची वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. आता डहाणूचा किलो आणि दिल्लीचा किलो एकच.

आता उधारीची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगावी लागेल.

सेलमध्ये मोबाईलच्या दुकानात पाटी असते: 'आज न्या, पैसे नंतर. शून्य टक्के व्याज'. तरुण पोरे लगेच थांबतात. हिशेब असा करा. समजा, मोबाईल रोखीने घेतला तर सूट धरून ११,००० ला मिळतो. हप्त्याने घेतला तर ती सूट नाही. महिना १,००० चे बारा हप्ते, झाले १२,०००. वर फाईलचे ५००. एकूण १२,५००. व्याज शून्य, आणि जादा गेले दीड हजार! त्याला व्याज म्हणा, नाहीतर दुसरे काही म्हणा. एखादा हप्ता चुकला तर दंड. बँकेत पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँकही दंड कापते.

आणि हप्त्याला आपला हंगाम कळत नाही. आज डिसेंबरात हातात पैसा आहे. आषाढात भात लावणीच्या दिवसांत कुठून आणणार? मग सावकार. नाहीतर पुढच्या दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल आधीच घ्यायची, आणि ती फेडायला कुटुंब घेऊन भट्टीवर जायचे.

या भागाने ही गोष्ट पूर्वी फार सोसली आहे. लग्नाला पैसा नाही म्हणून वारली तरुण जमीनदाराकडून, सावकाराकडून थोडी रक्कम घेई. ती फेडण्यासाठी नवराबायको दोघेही त्याच्याकडे राबत. कर्ज किती फिटले हे सावकाराच्या वहीत. वही वाचता येत नाही. वर्षे जात, कर्ज तसेच. अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली. किसान सभेच्या त्या सभेत वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध लोक उभे राहिले. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली निघालेल्या पुस्तकात तो लढा लिहून ठेवला आहे. पुढे १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध सबंध देशासाठी कायदा झाला. आजच्या हप्त्याला कुणी लग्नगडी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण कागदावर सही करण्याआधी एकूण किती रुपये जाणार, हा आकडा विचारा आणि आपल्या वहीत लिहा. दुकानदाराच्या वहीत तो असतोच.

बाईंच्या धाकट्या मुलाला मोबाईल हवा होता. बाई म्हणाल्या, 'लगीन झाल्यावर, रोखीनं.' पोरगा रिक्षात घरापर्यंत बोलला नाही.

बिलाबद्दल दोन शब्द. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही त्यात अनुचित प्रथा ठरवली आहे. ज्या पडत्या भावाने विकायचे मनातच नाही, तो भाव जाहिरातीत छापणे हीसुद्धा. दुकानात पाटी असते, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. माल सदोष निघाला तर ही पाटी चालत नाही. बिलात मुदत लिहिली असेल तेवढ्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर तीस दिवसांत, असा माल परत घ्यायला दुकानदार नाही म्हणू शकत नाही. पण रंग आवडला नाही, सासूला पसंत नाही, याला कायदा काय करणार? तिथे दुकानदाराची मर्जी. म्हणून साडी दुकानातच उलगडून, उजेडात धरून बघायची. सेलच्या मालात कसर, डाग, विटलेली घडी पुष्कळदा निघते.

तक्रार करायची तर १९१५ या नंबरावर फोन करा, मराठीतही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आणि आपल्या सीमेवरच्या लोकांना मोठी सोय अशी की, वस्तू वापीला घेतली तरी अर्ज वापीच्या जिल्ह्यात करायला पाहिजे असे नाही. आपण जिथे राहतो किंवा कामाला जातो, तिथल्या आयोगाकडेही करता येतो. फक्त बिल जपून ठेवा. बाई ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतात.

त्या दिवशी बाईंनी चार चादरी, हंडा आणि कळशी सेलमधून घेतली. त्यांत वहीतल्या भावापेक्षा ६४० रुपये वाचले. साड्या गावच्या बाजारातून घेणार आहेत. दुकानदार ओळखीचा आहे, एखादी बदलूनही देतो.

आता वही काढा.

१. शर्ट ८०० रुपयांचा. सूट '४० टक्के + १० टक्के'. किती रुपये द्यायचे?

२. साबणाच्या तीन वड्या घेतल्या तर एक फुकट. चार वड्यांचे १२० रुपये, प्रत्येक वडी १०० ग्रॅमची. शेजारी सुटी वडी आहे, १२५ ग्रॅमची, ३२ रुपयांची. दोन्हींचा १०० ग्रॅमचा भाव काढा. तुम्ही कोणती घ्याल? शेजाऱ्याचे उत्तर बघू नका. पुढच्या वर्गात आपण फळ्यावर पडताळून पाहू.