पहिला रणगाडा निवडताना



रणगाड्याचे पहिले किट निवडताना आधी प्रमाण ठरवावे लागते. १/३५, १/४८ आणि १/७२ ही तीन प्रमाणे सर्रास मिळतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-३४ चे धड सुमारे ६ मीटर लांब. तेच १/३५ मध्ये १७ सेंटिमीटर, १/४८ मध्ये साडेबारा आणि १/७२ मध्ये जेमतेम ८ सेंटिमीटर भरते. लहान मॉडेल सोपे असेल असे वाटते, पण १/७२ मधले दिवे आणि अवजारे चिमट्यातून निसटली की सापडत नाहीत. सराव नसलेल्या बोटांना १/३५ चे भाग धरायला बरे पडतात, शिवाय निवडीला वावही याच प्रमाणात सर्वांत जास्त आहे.

१/३५ हा आकडा कोणत्याही गणिती सोयीतून आलेला नाही. जपानमधल्या शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथरचे मोटरवर चालणारे किट काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार घेतला, तो साधारण १/३५ निघाला आणि पुढे तोच रूढ झाला. मोटरच्या काळातले काही साचे अजून वापरात असल्यामुळे त्या किटांच्या धडाच्या तळाला भोके दिसतात. म्हणून खोके नवे असले तरी साचा कोणत्या सालचा आहे, हे विकत घेण्यापूर्वी शोधून काढावे. जुना साचा टाकाऊच असतो असे नाही. भाग कमी असल्याने काम लवकर उरकते, फक्त बारकावे पुसट असतात.

खोक्यावरच्या चित्रावर भाळून निवड करण्यापेक्षा चाके, साखळी आणि रंग या तीन गोष्टी पाहाव्यात. मॉडेल पुरे होणार की अर्धवट पडून राहणार, ते बहुतेक वेळा इथेच ठरते.

जर्मन टायगर सर्वांना हवासा वाटतो, पण त्याची चाके एकमेकांवर चढलेली असतात आणि आतली रांग रंगवल्याशिवाय बाहेरची बसवता येत नाही. अमेरिकी शर्मनला प्रत्येक बाजूला सहा चाके, ती जोडीजोडीने तीन चौकटींत, आणि प्रत्येक चौकट अनेक भागांची. टी-३४ आणि त्याच वंशातल्या टी-५५ ला मात्र बाजूला पाचच मोठी चाके असतात आणि साखळीला वरून आधार देणारे छोटे रोलर नसतात. पहिल्या किटसाठी याहून सोयीची रचना सापडणे कठीण.

साखळी तीन प्रकारची मिळते. विनाइलचा अखंड पट्टा टोके जोडून चढवायचा असतो. तो सोपा, पण चाकांवर ताणून बसतो. खरी साखळी जड असते, वरच्या बाजूला झोळ घेऊन चाकांवर टेकते, आणि तो झोळ पट्ट्यात येत नाही. सुट्या कड्यांची साखळी अस्सल दिसते, पण टी-३४ ला एका बाजूला सत्तरच्या वर कड्या असतात आणि तेवढ्या कापून, घासून, सरळ ओळीत जोडताना भल्याभल्यांचा धीर सुटतो. मधला मार्ग उत्तम: वर-खाली लांब तुकडे आणि फक्त वळणांवर सुट्या कड्या. तेही न मिळाल्यास पट्टा घ्यावा.

रंगाच्या बाबतीत एकरंगी रणगाडाच घ्यावा. १९४३ नंतरच्या जर्मन रणगाड्यांवर पिवळसर रंगावर हिरवे-तपकिरी पट्टे बहुधा फवाऱ्याने मारलेले असत, आणि त्यांच्या विरळ कडा एअरब्रशशिवाय नीट साधत नाहीत. सोव्हिएत हिरवा रंग स्प्रे कॅनने किंवा चांगल्या ब्रशनेही बसतो. पावसाळ्यात मात्र स्प्रे टाळावा. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

पितळी पत्र्याचे नाजूक भाग किंवा आतले इंजिन आणि दारूगोळाही देणारी किटे पहिल्या वेळी नकोतच. भागांची संख्या जास्त म्हणजे पैसे वसूल, हा हिशेब इथे चालत नाही.

या सगळ्या कसोट्यांना १/३५ मधला टी-५५ उतरतो. तामियाचे टी-५५ए २००२ सालचे आहे, आणि हा रणगाडा भारतीय सैन्यातही दीर्घकाळ होता. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन पाहून त्याचेच मॉडेल करावेसे वाटणे साहजिक आहे. पण त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि किट नेमक्या त्याच आवृत्तीचे असेल याची खात्री नसते. ते दुसऱ्या खेपेला. संग्रहालय मात्र आधीच पाहावे. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा, वेल्डिंगच्या रेघा आणि झिजून चकाकणाऱ्या कडा प्रत्यक्ष पाहिल्या, की रंग कुठे दाट आणि कुठे विटका ठेवायचा ते कळते.

किटबरोबर साइड कटर, धारदार कटर, बारीक पॉलिश पेपर आणि प्लॅस्टिक जोडायचे पातळ द्रावण एवढे पुरते. हे द्रावण प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करते, म्हणून जोडाच्या जागी रंग लागलेला नसावा. काम खिडकी उघडी ठेवूनच करावे. खोके उघडल्यावर भागांच्या चौकटी सूचनापत्राशी ताडून पाहाव्यात आणि मगच पहिला भाग कापावा. काही कमी निघाले तर दुकानदार न कापलेले किटच बदलून देतो.

— काका