कंडक्टर साइडचा हेडलाइट

अपघातातल्या गाड्यांची विम्यासाठी पाहणी करणं हा माझा व्यवसाय. गाडी किती चेपली यावरून वाद होतात, ते मिटतातही. कोणत्या बाजूने चेपली, यावरून मात्र कागद हमखास अडतात. चिपळूणकडच्या एका प्रकरणात मालकाने क्लेम फॉर्मवर ‘ड्रायव्हर साइड’ लिहिलं होतं, पंचनाम्यात ‘पुढील डावी बाजू’ होती आणि गॅरेजच्या एस्टिमेटमध्ये ‘आरएच फेंडर’. तिघंही एकाच पत्र्याबद्दल बोलत होते. पंचनामा लिहिणारा गाडीच्या तोंडासमोर उभा होता, म्हणून गाडीचं उजवं अंग त्याच्या डाव्या हाताला आलं, इतकंच. पण ऑफिसात बसून फाइल वाचणाऱ्याला त्यात दोन वेगळे अपघात दिसले आणि मालकाचे पैसे लांबले.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. डावं-उजवं गाडीचं असतं, बघणाऱ्याचं नसतं. स्टिअरिंगवर बसून पुढे पाहताना जो हात जिकडे, ती गाडीची बाजू. खाली उतरला असाल आणि गोंधळ वाटत असेल तर गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. तुमचं आणि गाडीचं तोंड एका दिशेला झालं की चुकायला जागाच नाही. फोटो काढताना नुसत्या चेपलेल्या भागाचा जवळून काढू नका. नंबरप्लेट आणि ती बाजू एकत्र येईल असा निदान एक तरी हवा. आणि सेल्फीच्या कॅमेऱ्याने मुळीच काढू नका. काही फोनमध्ये तो फोटो आरशातल्यासारखा उलटा साठतो. नंबर उलटा दिसला तर लक्षात येतं, पण नुसत्या दरवाजाचा फोटो कोणत्या बाजूचा ते सांगणार कोण?

आपल्या गॅरेजांत तसं डावं-उजवं फारसं बोलत नाहीत. ट्रकवाल्यांची ‘क्लीनर साइड’, बसवाल्यांची ‘कंडक्टर साइड’ आणि समोरची ती ‘ड्रायव्हर साइड’. छोट्या कारमध्ये कंडक्टर कधीच नव्हता, तरी मिस्त्री तिच्या डाव्या दरवाजाला बिनधास्त कंडक्टर साइड म्हणतो. सुशिक्षित गिऱ्हाईक यावर हसतं. मला विचाराल तर मिस्त्रीची भाषा जास्त भरवशाची आहे, कारण तुम्ही बॉनेटसमोर उभे राहा की डिकीमागे, कंडक्टर साइड हलत नाही. जहाजावरच्या लोकांनी याचसाठी ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ ठरवून टाकलं. पोर्ट म्हणजे डावं अंग, त्यावर तांबडा दिवा. स्टारबोर्ड उजवं, त्यावर हिरवा.

मिस्त्रीच्या या भाषेला एकच मर्यादा आहे, देशाची सीमा. अमेरिकेतून पार्ट मागवलात तर तिथली ‘ड्रायव्हर साइड’ डावी असते. शिवाय त्या बाजूच्या आरशाची काच सपाट असावी असा तिथला नियम आहे, त्यामुळे तो आरसा आपल्या गाडीला कसाबसा बसला तरी मागचं कमी दिसणार. ब्रिटनमधले दुकानदार ‘नियरसाइड’ आणि ‘ऑफसाइड’ म्हणतात. तिथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, म्हणून फुटपाथकडची नियरसाइड डावी आणि ऑफसाइड उजवी. खोक्यावर ‘एलएच’ असेल तर तो भाग डाव्या बाजूचा. ‘एलएचडी’ असेल तर मात्र स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीसाठी. या एका अक्षरावर लोकांचे पैसे बुडालेले मी पाहिलेत.

हेडलाइटच्या बाबतीत हे प्रकरण पैशांवर थांबत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात असतं. एकाने मेव्हण्याकरवी दुबईहून आपल्या गाडीचा डावा हेडलाइट आणवला. बाजू बरोबर होती, स्क्रू बसले, दिवा लागला. पण दुबईत वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. डिमवर असताना आपल्याकडच्या दिव्याचा उजेड डावीकडे, रस्त्याच्या कडेकडे चढतो आणि उजवीकडे खाली राहतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर जात नाही. तिकडच्या दिव्याचं नेमकं उलट. तो दिवा घेऊन हा गृहस्थ रात्री घाट चढायचा, आणि समोरून येणारे सगळे आपल्याला अप्पर का मारतात हे त्याला समजत नव्हतं. आपण तर डिमवरच आहोत, अशी त्याची तक्रार!

ही तपासणी घरीही होते. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करा, डिम लावा आणि आतून पाहा. उजेडाची वरची कड उजवीकडे आडवी आणि डावीकडे चढती दिसली पाहिजे. युरोपीय नियमाने बनलेल्या दिव्याच्या काचेवर खूणही असते. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर तो आपल्या बाजूच्या वाहतुकीचा. (हो, इथे मात्र उजवं बघणाऱ्याचं. काय करणार!) बाणच नसेल तर दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशांचा, आणि बाणाला दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हीकडे चालणारा.

फोनवर पार्ट सांगताना एकाच शब्दावर विसंबू नका. ‘डावा, कंडक्टर साइडचा, गाडी उजव्या स्टिअरिंगची’ एवढं पूर्ण बोला आणि दुकानदाराकडून पावतीवर तसंच लिहून घ्या. विजेचा माल परत घेतला जाणार नाही, असं बऱ्याच पावत्यांवर आधीच छापलेलं असतं. तेव्हा नवा दिवा जुन्याशेजारी ठेवून, काचेवरची खूण जुळवून पाहिल्याशिवाय मिस्त्रीला वायर जोडू देऊ नका.