खाण्याची शर्यत : खेळ की धोका?



यंदाच्या आनंद मेळाव्यासाठी छात्र परिषदेने आमच्याकडे एक अर्ज दिला आहे. त्यात दोन मागण्या आहेत. पहिली, पाच मिनिटांत जास्तीत जास्त पाणीपताशे (महाराष्ट्रातली पाणीपुरी) खाण्याची स्पर्धा ठेवावी. दुसरी, क्रीडादिनाची 'जलेबी दौड' यंदा मोठ्या वर्गांसाठीही घ्यावी. अर्ज नीट, मुद्देसूद लिहिलेला आहे. अशा अर्जावर नुसते 'नामंजूर' लिहून कागद परत करणे योग्य नाही. म्हणून या अंकात आपण या विषयाचा थोडा अभ्यास करू आणि शेवटी निर्णय सांगू.

ही प्रथा आली कुठून?

पैज लावून खाणे आपल्याला नवे नाही. लग्नाच्या पंगतीत लाडू किती आणि जिलब्या किती खाल्ल्या याच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. पण त्या पंगतीत घड्याळ नव्हते. माणसे मांडी घालून बसत, सावकाश जेवत, गप्पा चालत आणि पोट भरले की पानावर आडवा हात धरत. खाणारे बहुतेक शेतात किंवा आखाड्यात घाम गाळणारे असत.

घड्याळ लावून खाण्याचा प्रकार आजच्या रूपात जाहिरातीतून वाढला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड भागात दर ४ जुलैला 'हॉट डॉग' (पावात घातलेले मांसाचे सॉसेज) खाण्याची प्रसिद्ध स्पर्धा होते. ती १९१६ पासून चालू आहे असे अनेक वर्षे सांगितले जात होते. पुढे तिच्या प्रसिद्धीचे काम केलेल्या माणसानेच कबूल केले, की ती गोष्ट आम्ही रचली होती. २००१ मध्ये जपानच्या ताकेरू कोबायाशीने तिथे १२ मिनिटांत ५० हॉट डॉग खाल्ले. २०२१ मध्ये जोई चेस्टनटने १० मिनिटांत ७६ खाल्ले. आकडे मोठे आहेत, टाळ्याही मोठ्या आहेत. पण शरीराचे काय?

शरीरात काय घडते?

आपल्या घशात दोन वाटा जवळजवळ आहेत, एक अन्नाची आणि एक श्वासाची. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो आणि झाकणासारखा एक पडदा श्वासनलिकेवर येतो. ही व्यवस्था फार कुशल आहे, पण तिला एका वेळी एक घास आणि तोही चावलेला लागतो. घाईत, हसत, धापा टाकत खाल्ले तर घास चुकीच्या वाटेने जातो. श्वास पूर्ण बंद झाला तर अवघ्या चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेवढ्या वेळात रुग्णालय गाठणे आपल्या शहराच्या रहदारीत अवघडच.

दुसरी गोष्ट पोटाची. मोठ्या माणसाचे जठर साधारण एक ते दीड लिटर अन्न आरामात धरते. 'पुरे' हा संदेश मेंदूपर्यंत पोहोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात. पाच-दहा मिनिटांच्या स्पर्धेत हा संदेश पोहोचतच नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये एका स्पर्धकाची क्ष-किरण तपासणी प्रसिद्ध केली. त्याने १० मिनिटांत ३६ हॉट डॉग खाल्ले. तुलनेसाठी घेतलेला साधा माणूस ७ वर थांबला. स्पर्धकाचे जठर ताणून सैल पिशवीसारखे झाले होते आणि अन्न पुढे ढकलण्याची त्याची हालचाल जवळपास दिसत नव्हती. अशा माणसांना पुढे तृप्तीची जाणीव न होणे, सतत मळमळ व उलट्या असे त्रास होऊ शकतात, असा इशारा त्या डॉक्टरांनी दिला. कोबायाशीनेही २०२४ मध्ये एका माहितीपटात सांगितले की आता आपल्याला भूकच जाणवत नाही. जिंकण्यासाठी भूक गमावावी लागणे हा केवढा महाग सौदा आहे!

घडलेल्या घटना

२००२ मध्ये जपानमध्ये एका १४ वर्षांच्या मुलाचा शाळेच्या मधल्या सुट्टीत पाव घशात अडकून मृत्यू झाला. मित्रांबरोबर भराभर खाण्याची चढाओढ चालली होती. अशा स्पर्धा तेव्हा तिथल्या दूरदर्शनवर फार लोकप्रिय होत्या. या घटनेनंतर वाहिन्यांनी ते कार्यक्रम काही काळ थांबवले.

२००७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका रेडिओ केंद्राने लघवीला न जाता जास्तीत जास्त पाणी पिण्याची स्पर्धा ठेवली. बक्षीस होते खेळाचे एक यंत्र. २८ वर्षांची एक आई त्यानंतर काही तासांत दगावली. आपले मूत्रपिंड तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून फार जास्त पाणी भराभर प्यायल्यास रक्तातले सोडियम कमी होते आणि मेंदूला सूज येते. म्हणजे पाणीसुद्धा स्पर्धेत विष ठरू शकते.

ताजे उदाहरण आपल्याच देशातले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ओणमच्या दिवसांत केरळच्या पालक्काड जिल्ह्यात इडली खाण्याच्या स्पर्धेत एका प्रौढ गृहस्थाच्या घशात इडली अडकली आणि त्यांचा मृत्यू झाला. इडलीसारखा मऊ पदार्थ, आजारी माणसाला देतात तो!

बंदी हवी का?

बंदीच्या विरोधात तीन गोष्टी म्हटल्या जातात. एक, कबड्डी, मल्लखांब यांतही दुखापत होते, मग ते बंद करायचे का? दोन, सज्ञान माणसाने काय खावे हे सरकारने कशाला ठरवायचे? तीन, सणासुदीच्या गमतीवर पोलिसी नजर कशाला?

पहिला मुद्दा छात्र परिषदेच्या अर्जातही आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देऊ. मल्लखांबात सराव वाढला की पकड सुधारते आणि धोका कमी होतो. खाली गादी घालता येते, शिक्षक हात देऊ शकतात. खाण्याच्या शर्यतीत उलटे आहे. तिथे चावणे कमी केले, घास मोठा घेतला, 'पुरे' म्हणणारे मन दाबले, की माणूस जिंकतो. म्हणजे धोका हा खेळातला अपघात नसून जिंकण्याची रीतच आहे. तो काढून टाकला तर शर्यत उरत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. सज्ञान व्यक्तीच्या ताटावर कायदा बसवणे कठीण आहे आणि सरसकट बंदी घातली तर पैजा बंद दाराआड लागतील. चीनने २०२१ मध्ये अन्नाची नासाडी रोखणारा कायदा केला. त्यात अफाट खाण्याचे कार्यक्रम व चित्रफिती बनवून पसरवण्यास मनाई आहे, दंडही आहे. खाणाऱ्यावर नव्हे तर तमाशा मांडणाऱ्यावर बोट ठेवण्याचा हा विचार आम्हाला पटतो. आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्यास शिक्षेची तरतूद आहे. मंडळे आणि संयोजकांनी हे ध्यानात ठेवावे.

पण शाळेत प्रश्न सज्ञान माणसांचा नाही. सहावीतला मुलगा मित्रांच्या आरोळ्यांपुढे 'मला नको' म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने ते आपल्यालाच म्हणावे लागते.

आपल्या परंपरेचे म्हणणे

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' ग्रंथात जठराचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाला, एक भाग पेयाला द्यावा आणि एक मोकळा ठेवावा असे सांगितले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे. आपल्या आजीने हेच दोन शब्दांत सांगितले होते : सावकाश जेव.

आमचा निर्णय

१. भराभर किंवा जास्तीत जास्त खाण्या-पिण्याची कोणतीही स्पर्धा शाळेच्या कार्यक्रमात होणार नाही.

२. जलेबी दौड राहील, पण जलेबी दोरीवरून हाताने सोडवून कागदी बशीत घेऊन धावायचे. खायची ती शर्यत संपल्यावर, खाली बसून.

३. आनंद मेळाव्यात डोळे बांधून पदार्थाची चव ओळखणे, विस्तवाविना पदार्थ करणे आणि आजीच्या हातचा विसरलेला पदार्थ सादर करणे अशा तीन स्पर्धा होतील. पाणीपताशांचा ठेला असेलच. प्रत्येकाने आपल्या भुकेइतके खावेत.

४. घास अडकल्यावर करायच्या प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक आठवीपासून पुढील वर्गांना दिले जाईल. पालकांनी व विश्वस्तांनीही यावे, ही विनंती.

हे लक्षात ठेवा : घशात घास अडकल्यास

खोकता येत असेल तर त्याला खोकू द्या. बोलता वा खोकता येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या. उपयोग न झाल्यास मागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या. घास निघेपर्यंत दोन्ही आलटून पालटून करा. दुसऱ्याला लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगा. पाणी पाजू नका, दिसत नसलेला घास बोटाने चाचपू नका. शुद्ध हरपल्यास जमिनीवर निजवून छातीवर दाब देणे सुरू करा. एक वर्षाच्या आतील बाळ आणि गर्भवती स्त्री यांच्या पोटावर झटके द्यायचे नसतात; त्यांची पद्धत प्रात्यक्षिकात दाखवू.

स्वाध्याय

१. मल्लखांब आणि खाण्याची शर्यत यांतील धोक्यात काय फरक आहे? आपल्या शब्दांत लिहा.

२. घरी एक दिवस जेवणाला किती मिनिटे लागली ते मोजा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घास नीट चावून जेवा आणि पुन्हा मोजा. कोणत्या दिवशी कमी पोळ्यांत पोट भरले?

३. आमचा निर्णय पटला नसेल तर कारणांसह लिहून छात्र परिषदेकडे द्या. चांगली उत्तरे पुढील अंकात अवश्य छापू.