किल्ली आणि कळ

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शेजारी एक लहानसा अपघात घडला. मोगऱ्याच्या दोन कुंड्या आणि फाटकाची एक फळी यांखेरीज त्यात कशाचीही हानी झाली नाही, ही देवाची कृपाच म्हणावयाची. परंतु त्या अपघाताने मजपुढे एक कोडे टाकिले. आणि ते सोडविता सोडविता मोटारगाडीच्या एका क्षुद्र भासणाऱ्या भागाविषयी जे काही ध्यानात आले, ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आमच्या शेजारच्या गृहस्थांजवळ १९९७ सालची, कार्ब्युरेटरची, मारुती ८०० ही गाडी आहे. ती त्यांच्या वडिलांनी घेतलेली असल्यामुळे विकून टाकण्यास त्यांचे मन घेत नाही. नव्या गाड्यांत किल्ली फिरवावी लागत नाही, नुसती कळ दाबली की एंजिन सुरू होते, हे पाहून त्यांनीही आपल्या गाडीस तशी एक तांबडी कळ बसवून घेतली. गाडीचा हँडब्रेक सैल, म्हणून ती पहिल्या गिअरमध्ये घालून उभी करण्याची त्यांची रीत. एके दिवशी सकाळी गाडी अशीच अंगणात उभी असता त्यांचा सहा वर्षांचा भाचा आत जाऊन बसला आणि त्याने ती कळ दाबून धरिली. गाडी हिसके देत चार-पाच हात पुढे गेली व फाटकावर जाऊन आदळली. आम्ही धावलो. गृहस्थ पांढरेफटक पडले होते. "सर, किल्ली माझ्या खिशात होती हो! एंजिन तर सुरूच झाले नाही. मग गाडी चालली कशी?" असे ते पुनःपुन्हा विचारीत होते.

प्रश्न मोठा मार्मिक आहे. वाचकांनी पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतः विचार करून पाहावा.

पेट्रोलचे एंजिन आपले आपण सुरू होऊ शकत नाही. त्याच्या नळकांड्यांत पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ओढले जावे, दाबले जावे, मग त्यावर ठिणगी पडावी, याकरिता प्रथम कोणीतरी त्यास बाहेरून फिरवावे लागते. हे काम स्टार्टर नावाची विजेची मोटार करिते. तिच्या टोकाशी एक लहान दातेरी चक्र असते, त्यास पिनियन म्हणतात. एंजिनाच्या जड गतिचक्राच्या कडेवर मोठे दातेरी कडे बसविलेले असते. कळ दाबताच पिनियन पुढे सरकून त्या कड्यात अडकते आणि एंजिन फिरू लागते. लहान चक्रास आठ-दहा दाते आणि मोठ्यास शंभराच्या आसपास, म्हणून स्टार्टरचा जोर दहा-बारा पट होऊन एंजिनास लागतो. आता एंजिन जर गिअरद्वारे चाकांशी जोडलेलेच असेल, तर ते फिरताना चाकांसही फिरविणार, हे उघड आहे. त्यास ठिणगी लागत नाही, पेट्रोलही लागत नाही. त्या सकाळी गाडी पेट्रोलवर चाललीच नव्हती. ती बॅटरीवर चालली होती.

परंतु किल्ली खिशात असता स्टार्टरला वीज मिळाली कोठून? बॉनेट उघडून तारा तपासता उलगडा झाला. ज्या कारखान्यात कळ बसवून घेतली, तेथील कारागिराने बॅटरीपासून थेट एक तार कळीकडे व कळीपासून दुसरी तार स्टार्टरकडे नेली होती. किल्लीचा त्या मंडलाशी काहीच संबंध राहिला नव्हता. कळ किल्लीचे काम करते, अशी त्याची समजूत असावी. वास्तविक किल्ली एक काम करीत नाही, निदान पाच करिते. आणि कळ त्यांतले एकच करू शकते.

ही पाच कामे कोणती ते पाहू. पहिले अर्थात कुलपाचे: जवळ किल्ली असेल त्यानेच गाडी न्यावी. दुसरे, विजेची पायरीपायरीने वाटणी करण्याचे. किल्ली एक घर फिरविली की रेडिओसारख्या किरकोळ वस्तूंस वीज मिळते. आणखी एक घर फिरविली की ठिणगीच्या कॉइलला व काट्यांना मिळते. शेवटच्या घरात स्टार्टर फिरतो. पुष्कळ गाड्यांत या शेवटच्या घरात रेडिओ, पंखा इत्यादींची वीज क्षणभर तोडली जाते, कारण बॅटरीची सारी शक्ती त्या वेळी स्टार्टरला हवी असते. तिसरे काम या शेवटच्या घरातून आपोआप मागे येण्याचे. आतील स्प्रिंगमुळे हात सोडताच किल्ली परतते आणि स्टार्टर सुटतो. चौथे काम स्टिअरिंगच्या कुलपाचे: किल्ली काढून घेतली की एक पोलादी खिटी स्टिअरिंगच्या दांड्याच्या खाचेत पडते आणि चाके वळविता येत नाहीत. पाचवे काम कोणत्याही यंत्रज्ञाने मुद्दाम योजलेले नाही, तरी माझ्या मते ते सर्वांत मोलाचे आहे. त्याविषयी पुढे सांगेन.

किल्ली फिरवून गाडी सुरू करणे ही जुनी रीत व कळ दाबणे ही नवी, असे पुष्कळांस वाटते. इतिहास उलट आहे. आरंभीच्या गाड्या पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून हाताने फिरवाव्या लागत. एंजिन उलट उसळले की हँडल हातावर आपटे. मनगटाजवळील हाडाच्या एका विशिष्ट मोडीस वैद्यकात अद्यापि 'शोफरची मोड' असे नाव आहे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी या त्रासातून लोकांस सोडविले. केटरिंग पूर्वी दुकानांतील पैसे मोजण्याच्या यंत्रांच्या कंपनीत होते व तेथे त्यांनी गल्ला उघडणारी विजेची लहान मोटार बनविली होती. जी मोटार क्षणभरच चालावयाची, तिजवर नेहमीच्या कितीतरी पट भार टाकता येतो. तापण्यापूर्वीच तिचे काम संपलेले असते. हेच तत्त्व त्यांनी गाडीस लाविले आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या विजेच्या स्टार्टरसह बाजारात आल्या. फोर्डच्या मॉडेल टी गाडीस १९१९ पासून स्टार्टर मिळू लागला, त्याची कळ पायाखाली असे. मॉरिस मायनरच्या आरंभीच्या गाड्यांत एक गुंडी ओढावी लागे. या काळात किल्लीने केवळ ठिणगीची वीज सुरू करावयाची आणि कळीने वा गुंडीने स्टार्टर फिरवावयाचा, अशी कामांची सरळ विभागणी होती. दोन्ही कामे एकाच किल्लीत आणण्याचा पायंडा अमेरिकेत १९४९ साली क्रायस्लर कंपनीने पाडला. पुढे अर्धशतकाने कळ परत आली; परंतु १९९९ च्या होंडा एस२००० या गाडीतही किल्ली फिरवूनच मग कळ दाबावी लागे.

अलीकडे बाजारात जुन्या गाड्यांकरिता तयार संच मिळतात. त्यात एक कळ, एक लहान डबी व खिशात ठेवावयाचा बिनतारी बिल्ला असतो. कळ एकदा दाबली की रेडिओ, दुसऱ्यांदा दाबली की ठिणगी, आणि ब्रेकवर पाय ठेवून दाबली की स्टार्टर, असा क्रम डबी सांभाळते. हे संच सर्वस्वी टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. त्यांची जोडणी कशी होते त्यावर सारे आहे. ब्रेकची तार लावण्याचा कंटाळा केला की भाच्याचा प्रसंग पुन्हा उभा राहतो. शिवाय पुष्कळ गाड्यांच्या किल्लीत एक सूक्ष्म चकती असते. तिची खूण पटल्याखेरीज एंजिन सुरू होत नाही. अशा गाडीत हा संच चालावा म्हणून कारागीर काय करितात? मालकाची दुसरी किल्ली मागून घेतात व ती डॅशबोर्डच्या आत कायमची बांधून टाकितात! म्हणजे चोरास काच फोडण्याचाच काय तो श्रम. आणि किल्लीचे नळकांडे उपटून काढणारे तर स्टिअरिंगच्या त्या खिटीशी खेळतात. खिटी सैल राहून चालत्या गाडीत खाचेत पडली, तर रस्त्याच्या वळणावर काय होईल याची कल्पना कोणासही करिता येईल.

गाडी सुरू करण्याचा विचार सर्वजण करितात. बंद करण्याचा कोणी करीत नाही. २००९ सालच्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात, सॅन दिएगो शहरानजीक, एका लेक्सस गाडीचा अॅक्सिलरेटर पायाखालच्या सतरंजीत अडकून गाडी अनावर झाली आणि आतील चौघेही मृत्यू पावले. गाडी त्यांची स्वतःची नव्हती, तात्पुरती मिळालेली होती. तिला किल्ली नव्हती, कळ होती. आणि चालत्या गाडीत ती कळ सुमारे ३ सेकंद दाबून धरल्याशिवाय एंजिन बंद होत नसे. एकदा टिचकीसरशी दाबली तर काहीच होऊ नये, ही योजना वस्तुतः चांगल्या हेतूने केलेली होती, कारण चुकून हात लागून एंजिन बंद पडणे हेही तितकेच घातक असते. किती घातक, ते जनरल मोटर्सच्या प्रकरणात दिसून आले. त्यांच्या काही गाड्यांतील किल्लीच्या स्विचाची स्प्रिंग अशक्त होती. जड जुडग्याच्या ओढीने किंवा गुडघा लागून किल्ली एक घर मागे सरके, एंजिन बंद पडे, स्टिअरिंगची व ब्रेकची मदत जाई आणि अपघातसमयी हवेच्या पिशव्याही फुगत नसत. २०१४ साली कंपनीने या दोषापायी सुमारे २६ लक्ष गाड्या परत बोलाविल्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू या दोषाशी संबद्ध म्हणून मान्य केले. एका स्प्रिंगची ही किंमत होय.

आता ते पाचवे काम. किल्ली खिशात किंवा खुंटीवर आहे, याचाच अर्थ गाडी बंद आहे, हा निर्वाळा ती मुकाट्याने देत असते. कळीला हे सांगता येत नाही. बिल्ला खिशात घेऊन माणूस घरात जातो. एंजिनाचा आवाज मंद. ते घराखालच्या बंद गॅरेजमध्ये चालूच राहते, आणि कार्बन मोनॉक्साइड हा रंगगंधरहित विषारी वायू जिन्यावाटे वर चढतो. २००६ पासूनच्या अशा घटना एकत्र करून न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने २०१८ साली प्रसिद्ध केल्या, तेव्हा एकट्या अमेरिकेतील बळींची संख्या पंचविसांहून अधिक भरली. त्यांत वृद्ध माणसे पुष्कळ होती. आयुष्यभर ज्यांच्या हाताला किल्ली काढून घेण्याचे वळण पडलेले, त्यांस त्या वळणानेच फसविले.

हे सर्व मी शेजारच्या गृहस्थांस समजावून सांगितले आणि कळ काढून टाका असे सुचविले. ते राजी होईनात. मग आम्ही त्यांच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध मोटार-इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले व म्हणाले, "किल्ली राहू द्या, कळही राहू द्या. पूर्वीच्या गाड्यांत होते तसे करू." मला हा निवाडा फार आवडला.

त्यांनी प्रथम बॅटरीची ऋण तार सोडली आणि जुनी जोडणी सगळी काढून टाकिली. स्टार्टरवर सोलेनॉइड म्हणून जो विद्युत्-चुंबक असतो, तो पिनियन पुढे ढकलतो आणि मोटारीचा मुख्य प्रवाह जोडतो. मुख्य प्रवाह शंभर अँपियरच्या वर जातो. तो कळीतून कधीच जात नाही. परंतु सोलेनॉइडला स्वतःलादेखील आरंभी बराच प्रवाह लागतो आणि डॅशबोर्डवरील नाजूक कळीचे टोक तेवढ्याने जळून चिकटते. चिकटले म्हणजे हात काढला तरी स्टार्टर फिरतच राहणार. म्हणून मध्ये रिले घातला. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा दास. त्याच्या ८५ व ८६ या टोकांमध्ये चुंबकाची गुंडाळी असते, तिला अँपियरचा पाचवा हिस्सादेखील पुरे. मोठा प्रवाह ३० व ८७ या टोकांमधून जातो. बॅटरीपासून, तिच्या जवळच फ्यूज घालून, जाड तार ३० कडे नेली आणि ८७ पासून सोलेनॉइडकडे. पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडे बसविले, नाहीतर पत्र्याची धार वर्षा-दोन वर्षांत वेष्टन कापते.

गुंडाळीची वीज मात्र त्यांनी बॅटरीवरून घेतली नाही. ती घेतली किल्लीच्या दुसऱ्या घरापासून, म्हणजे जेथे ठिणगीला वीज मिळते तेथून. तेथून एक लहान फ्यूज, मग कळ, मग क्लचच्या पायट्याखाली बसविलेला एक स्विच, आणि मग रिले. क्लच पूर्ण दाबला असेल तरच तो स्विच जुळतो. अशा रीतीने किल्ली, कळ व क्लच या तिन्ही कड्या जोडल्या गेल्या तरच साखळी पुरी होते, एक सुटली की स्टार्टर मुका. किल्लीच्या शेवटच्या घराची मूळ तार त्यांनी कापली नाही. टोक टेपने बांधून बाजूस ठेविले, उद्या कळ बिघडली तर ती परत जोडता यावी म्हणून. एंजिन बंद करावयाचे ते किल्लीनेच. स्टिअरिंगच्या कुलपास हात लाविला नाही. एंजिन सुरू असता कळ दाबली तर पिनियन फिरत्या कड्यावर खरवडते, एवढे एक न्यून या जोडणीत आहे. ते त्यांनी आपण होऊन सांगितले.

गाडीतील फेरबदलांविषयी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ५२ वे कलम आहे. विमा कंपनीसही असा बदल कळविलेला बरा. गृहस्थांनी तसे पत्र लिहिले. हँडब्रेकही त्याच दिवशी दुरुस्त करून घेतला.

संध्याकाळी गाडी अंगणात आली. गृहस्थांनी किल्ली काढून घरातील खुंटीवर अडकविली आणि भाच्यास गाडीत बसवून कळ दाबावयास सांगितले. तो भीत भीत बसला. दाबली, काही झाले नाही. त्याने दोन्ही अंगठ्यांनी दाबली. काही झाले नाही. मग त्याने मान बाहेर काढून मामाकडे तक्रार केली, की ही कळ बिघडली आहे.